नानांचा साबण

ताईने आरशाखालच्या फळीवरून डबी उचलली ती नुसती पुसायला. पण डबी हलकी लागली. तिने ती कानाशी नेऊन हलवली. मागे कधी उचलली होती तेव्हा आतला साबण खुळखुळला होता, आज काही वाजलं नाही. झाकण काढलं तर तळाला चिमूटभर कोरडा भुगा, बाकी काही नाही.

“नेला!” ती आरशाकडे बघून म्हणाली. “नेलाच शेवटी मेल्याने!”

मेला म्हणजे तिचा धाकटा भाऊ, बाब्या. वय एक्केचाळीस, दाढी पांढरी व्हायला लागलेली, तरी घरात तो बाब्याच. मोठ्या माणसासारखं एखादं काम त्याने आजवर केलं असेल तर शपथ. तो कलाकार होता. रंग नाही, कॅनव्हास नाही. लोक जे टाकून देतात ते हा गोळा करायचा. एक वर्ष अंड्यांची टरफलं. त्या वर्षी घरात अंडं सरळ फोडायची कुणाची टाप नव्हती. वर टिकलीएवढं भोक पाडायचं आणि आतलं हलवून हलवून काढायचं, ते निम्मं ओट्यावर. मग चहाचा चोथा, गच्चीभर चादरी पसरून वाळवलेला. मग झाडांच्या साली, त्यांच्यातल्या मुंग्यांसकट. आणि गेली दोन वर्षं साबण. पार झिजून गेलेले, पातळ, कुणाच्या ना कुणाच्या अंगाला लागलेले साबणाचे तुकडे. हा दारोदार जाऊन ते मागायचा आणि लोक द्यायचेही! ताईला दोघांचंही नवल वाटायचं, मागणाऱ्याचं आणि देणाऱ्यांचं.

पण नानांचा साबण ही गोष्ट वेगळी होती.

नाना, त्यांचे वडील, जाऊन दहा महिने झाले होते. दवाखान्यात नेलं त्या सकाळी त्यांनी हात धुतले होते आणि तो हिरवा साबण ओलाच बेसिनवर राहिला होता. आईने तो पुसला, या डबीत ठेवला आणि दोन्ही पोरांना सांगितलं, “याला कुणी हात लावू नका.” बाकी आईने काही जपलं नाही. कपडे पंधरा दिवसांत वाटून टाकले, बूट वॉचमनला दिले. नानांचा चष्मासुद्धा ताईच्याच हातात ठेवला. ताई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, तर तिथल्या जुन्या चष्म्यांच्या पेटीत टाक, असं आईच तिला म्हणाली. राहिला तो हा एवढा साबण. आई ती डबी रोज पुसायची. आज गुडघ्यांच्या व्यायामाला गेली होती, साडेबाराला येईल, आणि उद्या सकाळी पुन्हा डबी पुसायला घेईल.

उद्याच बाब्याच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. एकदा का ते झालं की संपलंच. ती साबणांची अख्खी भिंत समुद्रापलीकडच्या कुठल्याशा संग्रहालयाने घेतली होती. तिथून काय परत आणणार, कप्पाळ?

ताईने धुळीचे हात घाईघाईने नळाखाली धरले आणि साबण घेतला. तोही धड नाही. आईची जन्माची सवय. साबण झिजला की टाकायचा नाही, नव्या वडीच्या पाठीला चिकटवायचा. ती जोडलेली वडी नेमकी हातातच सुटली. एक तुकडा इकडे, एक तिकडे बेसिनमध्ये घसरला.

“या घरात एक गोष्ट सरळ असेल तर!” ताईने दोन्ही तुकडे पकडून एकमेकांवर थापले, जोरात दाबले आणि वडी साबणदाणीत आपटली. पर्स उचलली आणि निघाली.

कलादालनात बाब्या शिडीवर होता. खाली दालनाच्या व्यवस्थापक बाई हातात यादी घेऊन उभ्या होत्या. शेजारच्या भिंतीवर कुणा दुसऱ्याचं काम होतं, पानांच्या नुसत्या शिरांची विणलेली मोठी जाळी. तिच्याजवळून जाताना ताईने श्वास रोखला, न जाणो फाटायची. दालनभर साबणाचा वास होता. एका साबणाचा नाही, हजार न्हाणीघरांचा.

“ताई! तू उद्या येणार होतीस ना?”

“खाली उतर.”

“एवढी एक ओळ—”

“बाब्या, खाली उतर म्हणते ना!”

तो उतरला. बाईंनी यादीत डोकं घातलं.

“नानांचा साबण कुठेय?”

“कुठला?”

“वेड पांघरू नकोस. डबी रिकामी आहे. आईला कळायच्या आत मला तो परत हवाय. ती पोचायच्या आत मी घरी पोचले पाहिजे.”

“ताई, मी नाही नेला.”

“अंड्याच्या वेळेलाही असंच म्हणाला होतास.”

“अंडी वेगळी आणि हे वेगळं. शप्पथ नाही नेला.”

पण ताईचा त्याच्या शपथेवर काडीचा विश्वास नव्हता. ती सरळ भिंतीकडे गेली. जमिनीपासून छतापर्यंत, दोन हजारांच्या वर तुकडे. एकेक तुकडा दोन बारीक टाचण्यांवर टेकवलेला, आणि मागून मंद दिवे. पांढरे, गुलाबी, पिवळे, निळसर, काही इतके पातळ की उजेड आरपार येत होता. काहींना मधे कंबर होती, काहींना खळगा. एकावर कुणाचा तरी केस तसाच होता. ताईची मान आपोआप वर गेली आणि क्षणभर वरच राहिली. दिसत होतं चांगलं. हे कबूल करणं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने नाक मुरडलं.

“हिरवे कुठे आहेत?”

“सगळीकडे आहेत. रंगाने नाही लावले.”

“मग कशाने लावलेत?”

“ज्या क्रमाने आले त्या क्रमाने.”

“देवा!” ताई म्हणाली. “याला काही रीतभात?”

तिने शिडी ओढली आणि वर चढली. नानांचा साबण तिने हजारांत ओळखला असता. नानांनी पस्तीस वर्षं कारखान्यात लेथच्या यंत्रावर काढली, त्यात उजवा अंगठा चेंगरला, तो पुन्हा वाकलाच नाही. त्यामुळे त्यांच्या हातातला साबण एकाच बाजूने झिजायचा. एक कड सुरीसारखी, दुसरी जाडच्या जाड. लहानपणी दोघं भावंडं त्याला नानांची होडी म्हणायची.

एका ओळीत तिला तसा एक दिसला. हिरवा, एका बाजूला उतरता.

“हा बघ! हा काय आहे मग?”

बाब्याने वही उघडली. “सहाशे अकरा. हा एका गवंड्याचा. त्याच्या तळहाताला घट्टा आहे.”

“आणि तो?”

“तो बसच्या कंडक्टरचा.”

“तुला काय पाठ आहेत का सगळे?”

“बरेचसे.” मग त्याला राहवलं नाही. डोळे तपासताना ताई गिऱ्हाईकाला विचारते तसा आवाज काढून तो म्हणाला, “हा स्पष्ट दिसतो की हा? पहिला की दुसरा?”

“थट्टा सुचतेय तुला! तिकडे आई डबी उघडेल आणि खाली बसेल. तिचं ब्लडप्रेशर तू बघणार आहेस? मीच बघणार. टरफलं झाडायला मी, चादरी धुवायला मी, आईला आवरायला मी. तू फक्त गोळा कर! अरे, स्वतःच्या बापाचा साबण भिंतीला लावायचा म्हणजे काय, थोडी तरी लाज!” बोलता बोलता तिने वरच्या ओळीतला आणखी एक हिरवा तुकडा टाचण्यांवरून ओढला.

तो तिच्या बोटांत कट्कन मोडला.

व्यवस्थापक बाईंच्या तोंडून “अगं बाई!” निघून गेलं. ताई शिडीवर दोन तुकडे घेऊन तशीच उभी राहिली. उजेडात धरल्यावर दिसलं, तो हिरवा नव्हताच, निळा होता. नानांचा तर मुळीच नव्हता.

बाब्या ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, तिने चार शब्द उलट सुनावले असते. त्याने नुसता हात पुढे केला, दोन्ही तुकडे घेतले आणि रुमालावर ठेवले.

“कुणाचा होता?” ताईने विचारलं. आवाज जरा खालीच आला होता.

“एका बाईंचा. टपालाने पाठवला होता, कापसात गुंडाळून. मुलीचा साबण होता. मुलगी लांब राहायला गेली तेव्हा मागे राहिलेला.”

“जोडता नाही येणार?”

“ओलं बोट फिरवून बघतो. आई जोडते तसं.”

ताई शिडीवरून उतरली आणि खालच्या पायरीवर बसली. तिचा राग गेला नव्हता, पण तो धरायला आता हाताशी काही नव्हतं.

“या भिंतीत आपल्या घरातला एकही नाही, ताई,” बाब्या म्हणाला. “दोन वर्षांत आईने मला एक तुकडा दिला नाही. सगळे नव्याला चिकटवते. मी म्हटलं, अगं, अख्खं गाव देतंय, तू आई असून देत नाहीस? म्हणाली, अजून हातभर फेस येतो त्याला, टाकायचा कशाला?”

ताईला हसू येत होतं. तिने ते येऊ दिलं नाही.

“आणि नानांचा?”

बाब्याने भिंतीच्या मधोमध बोट दाखवलं. तिथे दोन टाचण्या होत्या आणि त्यांच्यावर काहीच नव्हतं. मागचा दिवा मात्र लागलेला होता.

“ही त्यांची जागा. सगळ्यात आधी तीच ठोकली. आईकडे मागितला होता मी. बघते म्हणाली. परवा पुन्हा विचारलं, तर पुन्हा बघते.” “मला वाटत होतं, आज तू तोच घेऊन आलीस.”

ताई उठली. दारापाशी पोचल्यावर तिने वळून विचारलं, “जेवायला येणार आहेस का?”

“सापडला तर कळव,” बाब्या म्हणाला.

ताई पोचली तेव्हा आई आलेली होती. खुर्चीत बसून गुडघ्याला पट्टा बांधत होती. ताईने पर्स ठेवली, पाणी प्यायली, ओढणीला तोंड पुसलं आणि उगाच खिडकी उघडून पुन्हा बंद केली.

“काय झालंय?” आईने विचारलं.

“कुठे काय?”

“मग खिडकीशी काय भांडण?”

ताईने मनाशी चार वाक्यं जुळवून आणली होती. रिक्षात ती तीनदा घोकलीही होती. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही.

“आई, नानांचा साबण नाहीये. मी डबी पुसायला घेतली तर रिकामी. बाब्याने नेला असेल म्हणून मी तिकडे गेले, त्याला नाही नाही ते बोलले, कुणा बिचारीचा साबण मोडून आले. तू आधी शांत राहा. आपण शोधू. पाणी देऊ का?”

आईने पट्ट्याचं टोक नीट खाली दाबलं.

“दोन महिने झाले डबी रिकामी आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“भेगा पडायला लागल्या होत्या गं त्याला. वाळून कड सुटायला लागली. अजून वर्षभर ठेवला असता तर भुगाच उरला असता. मग मी तो वापरायला काढला. अंघोळीला. पातळ झाला तसा चिकटवला.”

“कशाला चिकटवला?”

“तू मागच्या महिन्यात पांढरी वडी आणलीस ना, तिला.”

ताई उभी होती ती बसली.

“कुणी हात लावू नका म्हणाली होतीस.”

“तुम्हाला म्हटलं होतं.”

“आणि ती डबी? रोज पुसतेस ती?”

“चांगली आहे डबी. टाकायची कशाला?”

“अगं, पण मला सांगायचं नाही? मी सकाळपासून जीव टांगून फिरतेय!”

“रोज त्यानेच तर हात धुतेस,” आई म्हणाली. “लोकांना चष्मे लावतेस. म्हटलं, एक दिवस दिसेल तुला.” मग खुर्चीचे हात धरून ती उठली. “चल, पानं घेते. हात धू.”

ताई बेसिनपाशी गेली. वडी साबणदाणीत होती, सकाळी तिनेच आपटलेली, जराशी तिरकी. तिने ती उलटी केली. पांढऱ्यावर हिरवा पापुद्रा उरला होता, जेमतेम दोन बोटं रुंद. एक कड पार विरून गेलेली. दुसरी अजून बोटाला लागत होती. त्या कडेवर सकाळच्या तिच्याच अंगठ्याचा ठसा होता, जोरात दाबला होता ना.

नखाने हळूच उचकटला असता तर तो अख्खा सुटला असता. ओल्या रुमालात ठेवून नेला असता तर संध्याकाळच्या आत त्या दोन टाचण्यांवर बसलाही असता. ताईने नख कडेखाली घातलं. मग काढून घेतलं.

तिने नळ सोडला, हात ओले केले आणि हिरवी बाजू वर धरून साबण लावला. तळव्यांना, बोटांच्या मधे, मनगटापर्यंत. आई म्हणत होती ते खोटं नव्हतं. फेस भरपूर येत होता.

बाहेर पर्समध्ये फोन वाजायला लागला.

“बाब्या असेल,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “घे गं.”

“तू घे.” ताईने साबण पुन्हा हातात घेतला. “तूच घे, आई. माझे हात साबणाचे आहेत.”

आई पाय ओढत आली. पर्स उघडायला तिला वेळ लागला, फोन तोवर वाजत राहिला.

“हां, बोल. हो, आली ती... हो रे, सापडला. इथेच होता.” मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. ताईने नळ बारीक केला.

“नाही रे बाळा,” आई म्हणाली, “द्यायला नाही जमायचं. वापरात आहे तो.”