बाबांची कवळी

प्रयोगाआधी नटाच्या हाती कवळी देताना ताईला दर वेळी शिसारी यायची. कवळीची नव्हे, भावाची. बाबांची कवळी ती वर्षानुवर्षं घासत आली होती, तिचं तिला काही वाटत नसे.

भावाने बाबांवर नाटक लिहिलं होतं. बापाच्या कामाला एक म्हातारा नट, मुलाच्या कामाला तो स्वतः, आणि सामान सांभाळायला फुकटची बहीण. पहिल्या अंकात बाप कवळी काढून पितळी पेल्यात टाके, आणि तिथून त्याचं घरच्यांशी बोलणं बंद होई. दुसऱ्या अंकात सून पेला उचलून मोरीत नेऊन ठेवी, आणि घर विकायचं ठरे. पुढे पेला नुसता दिसला तरी आता काहीतरी वाईट होणार हे लोक ओळखत आणि चिडीचूप होत. कवळी खरीच हवी, असा भावाचा हट्ट. पाचव्या रांगेतून खरी-खोटी कोणाला कळते, देव जाणे. पण प्रयोगाच्या दिवशी बाबा घरी दुधात बुडवलेला पाव चोखत बसत. वर म्हणत, पोराचं नाव होतंय ना, मग झालं.

त्या दुपारी प्रयोगाला मोठे पाहुणे आले होते. तिसऱ्या अंकाआधी भाऊ घाम टिपत ताईजवळ आला.

"ताई, आज शेवटी मी पेला आपटणार. कवळी फुटली पाहिजे सगळ्यांसमोर."

"आणि बाबा जेवतील कशाने?"

"नवी करू की. तसंही त्यांना आता पातळच लागतं."

बाबांच्या ताटाला ताट लावून हा शेवटचा कधी बसला होता, ते ताईला आठवेना. नाटकात मात्र बापाला घास भरवताना दर प्रयोगाला रडायचा. भांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. भावाची पाठ वळताच तिने कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि रिकामा पेला टेबलावर नेऊन ठेवला.

अंक संपत आला तेव्हा निघता निघता तिने पडद्याच्या फटीतून पाहिलं. भावाने पेला उचलला आणि तो हलका लागताच आत डोकावला. वाक्य विसरून नुसता बघत राहिला. पेला रिकामा, म्हणजे बाप गेला, असं प्रेक्षकांनी ओळखलं. कोणीतरी हुंदका दिला, मग टाळ्याच टाळ्या. त्या ऐकून भावाने पेला छातीशी धरला.

"सुचलं बरोबर मेल्याला," ताई पुटपुटली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

घरी बाबा वाटच पाहत होते. बोळक्या तोंडाने त्यांनी विचारलं, "आमच्या कवळीने काम कसं केलं?"

"चांगलं केलं. आता तिला कायमची सुट्टी."

तिने कवळी नळाखाली दोनदा धुतली. बाबांनी ती बसवली, दातावर दात आपटून पाहिले आणि पावाची करपलेली कडा मागितली.

"तो येतोय का जेवायला?"

"टाळ्या घेतोय."

बाबा सावकाश चावत राहिले. मग उरलेल्या कडेचा अर्धा तुकडा मोडून त्यांनी बशीच्या काठाला ठेवला. पोराला लहानपणी करपलेली कडाच आवडायची. ताईने बशी विसळायला नेली नाही.