ईश्वरीची गाठ

लाल रेशमी दोऱ्याचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा, आणि त्याच्या मध्यावर गाठ – गाठ कसली, गाठोडंच. वेढ्यावर वेढा, वरचा तिरका बसलेला... कपाटाच्या पायाशी अडकला होता, आठवडाभर कुणाच्या झाडूला न सापडता. मैत्रीने तो उचलला, केराच्या डब्याकडे वळली आणि मग तशीच उभी राहिली. मागच्या शनिवारी मुलं घरी गेल्यावर ती याच कपाटाला टेकून बसली होती, मांडीवर राख्यांचा डबा, हातात कात्री. ईश्वरीच्या राख्यांच्या जाड गाठी एकेक करून छाटल्या, मणी नव्या दोऱ्यात ओवले, दोन्ही बाजूंना तांदळाएवढ्या नेटक्या गाठी मारल्या आणि डबा पुन्हा होता तिथे ठेवून दिला. कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच काय, दिसतंय ते काम करावं माणसाने – असं मनाशी म्हणत ती जुईनगरच्या त्या विशेष मुलांच्या शाळेतून, जिथे ती दर शनिवारी शिकवायला यायची, बाहेर पडली होती, आणि दिघ्याच्या बसमध्ये बसल्यावर तिला स्वतःचं चक्क कौतुक वाटलं होतं.

तुकडा तिने ओढणीच्या टोकात गुंडाळून घेतला. का, ते तिलाही कळलं नाही.

मागे टेबलाशी डब्याचं झाकण वाजलं. ईश्वरी. आज राख्या बांधाबांध करून पाठवायच्या होत्या. उद्या रविवारी करंजाड्याला, ईश्वरीच्याच सोसायटीत, शाळेतल्या मुलांनी केलेल्या राख्यांचा स्टॉल लागणार होता, आणि ईश्वरीला आपल्या राख्या जाण्याआधी एकदा बघायच्या होत्या. पंधरा वर्षांची मुलगी, जन्मापासून हातापायांचे स्नायू ताठरलेले, चाकाच्या खुर्चीत जरा डावीकडे कललेली. डोकं मात्र असं तल्लख, की वर्गातल्या कुणी कुणाचा डबा खाल्ला हे शाळा चालवणाऱ्या शर्मिला मॅडमसुद्धा तिलाच विचारतात. फक्त तिच्या तोंडून शब्द यायला वेळ लागतो. मान, जबडा, श्वास, सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं, तेव्हा कुठे एक शब्द बाहेर पडतो. आणि तोवर समोरच्याने तिचं वाक्य पुरं करून टाकलेलं असतं. यात मैत्रीचा नंबर पहिला. 'तू पा...' म्हटलं की मैत्री पाणी घेऊन हजर. एकदा ईश्वरीला 'तू पावडर जास्त लावलीस' म्हणायचं होतं. पाणी पिऊन झाल्यावर तिने ते सांगितलंच, आणि त्या दिवसापासून मैत्रीचं नाव घाईटीचर पडलं.

आता ईश्वरी डब्यातली एक राखी अंगठ्याखाली घासत होती. मण्यांशी तिला देणंघेणं नव्हतं. बोट मण्यावरून सरकून दोऱ्यावर यायचं, तिथे घुटमळायचं. ती राखी बाजूला. दुसरी. ती पण बाजूला.

"माजी... नाय."

"तुझीच गं," मैत्री म्हणाली – पटकन, अगदी हसून. "बघ ना, किती मस्त दिसतेय."

ईश्वरीने तिच्याकडे पाहिलं. मग तिसरी राखी घेतली, अंगठा फिरवला, ठेवली. डब्याचं झाकण लावायला तिला जमत नाही, म्हणून डबाच कोपराने दूर ढकलला. तिच्या पुढ्यात आजच्या कामाचा दोरा आणि मणी ठेवलेले होते, त्यांच्याकडे बघून ती म्हणाली,

"आता... तू... कर."

आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली.

मैत्रीने ढकललेला डबा सावरून धरला. तुझीच गं! हे कुठून आलं माझ्या तोंडात? कापलं ते कापलं, वर लबाडीही करून मोकळी झाले, आणि तीही हसून... बी.एड.च्या परीक्षेत 'अध्यापनात मूल केंद्रस्थानी' या प्रश्नाला तिने पुरवणी घेतली होती आणि मार्कही भरपूर मिळवले होते. आता ते केंद्रस्थानीचं मूल भिंतीकडे तोंड करून बसलं होतं.

खरं तर त्या गाठीच्या जन्माच्या वेळी मी होते इथे... जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ईश्वरीच्या मुठीत दोरा टिकत नव्हता. डाव्या मनगटाखाली एक टोक दाबायचं, उजव्या हाताने दुसरं फिरवायचं, आणि ऐन वेळी हात झटका देणार की सगळं खाली. मैत्री खाली वाकून दोरा उचलायची, पुन्हा द्यायची. कधी ईश्वरी चिडायची, कधी स्वतःलाच हसायची, हसण्याने हात आणखी उडायचा. असे किती शनिवार गेले. आणि मग एकदा गाठ बसली. सुटू नये म्हणून तिने लगेच तिच्यावर दुसरी मारली, त्यावर आणखी एक, आणि अशी आरोळी ठोकली की शेजारच्या वर्गातला निशांत पळत बघायला आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मैत्रीने तर सर्वांत जास्त. तिचे डोळे भरून आले होते, मोठ्याने नाक शिंकरावं लागलं होतं. ईश्वरीची आई, अरुणाताई, पुढच्या आठवड्यात सांगत होती – "टीचर, आता घरी फ्रॉकचं बटन पण सोताच लावायला बघते. अर्धा तास लागतो, पण आमाला हात लावू देत नाय."

ती टाळ्या वाजवणारी मीच आणि ती कात्री चालवणारी पण मीच. कसं काय?

कात्री... कात्री या हातात पेन्सिलच्या आधी आली. दिघ्याच्या खोलीत संध्याकाळी कारखान्यातून कुर्त्यांचे गठ्ठे यायचे, आई – दुर्गाबाई – दिवा लावला की गठ्ठा सोडायची, आणि सगळ्या घराने बसून शिलाईचे लोंबते धागे कापायचे. धागाकटिंग. "दोरा दिसला तर माल परत येतो, मैतू," आई म्हणायची, आणि खरंच यायचा. मैतूचा हात बसला होता. अभ्यास करताकरता, पाढे म्हणताम्हणता तिची बोटं लोंबता धागा बरोबर हुडकायची. अजूनही लग्नात समोरच्या बाईच्या ब्लाउजला दोरा दिसला तर तिचे हात शिवशिवतात. आईचा यात काय दोष? त्या कटिंगवर मी कॉलेजला गेले. पण कुर्ता कुणी शिवला, शिवताना त्याला कसं वाटलं, हे आमच्यापर्यंत कधी आलंच नाही. आमच्यापुढे यायचा तो माल. आणि मागच्या शनिवारी, मुलं गेल्यावर, रिकाम्या खोलीत, ईश्वरी नव्हती तेव्हा... तेव्हा तिच्या राख्यांचा पण मालच झाला.

ती शर्मिला मॅडमकडे गेली. मॅडम दारापाशी खोक्यांना चिकटपट्टी लावत होत्या, दाताने पट्टी तोडत.

"मॅडम, ईश्वरीच्या राख्या... मी परत ओवल्या. गाठी जाड दिसत होत्या म्हणून. सगळ्या."

"सगळ्या?" मॅडमच्या ओठाला पट्टी चिकटली, ती त्यांनी उपटून काढली. "अगं बाई! एका शब्दाने विचारायचं तरी. तिने बिल्डिंगभर सांगून ठेवलंय, मोठी गाठ ती माझी म्हणून. ते वॉचमन सितारामकाका तिला रोज लिफ्ट धरून ठेवतात, त्यांच्यासाठी राखायला सांगितलीय तिने एक. आता उद्या काय दाखवणार ती?"

"सॉरी मॅडम. मी आता बसून नव्या..."

"तू बसून? परत तूच?" मॅडम चिडल्या होत्या, आणि चिडणं लपवायची त्यांना सवय नव्हती. मग आवाज जरा खाली आला. "हे बघ, मला सॉरी नको. तिला सांग. आणि सांगून पळायचं नाय. ती काय बोलते ते पुरतं ऐकून घे. टेम्पो येईल तेव्हा येईल, त्याचं टेन्शन मी घेते."

टेबल चार पावलांवर होतं आणि मैत्रीला ते फार लांब वाटलं. सांगितलं आणि तिने दोऱ्याला पुन्हा हातच लावला नाही तर? राखीचं सोडा, ते बटन, ते अर्धा तास झगडणं, ते सगळंच तिने टाकून दिलं तर? कशाला मारायची गाठ, कुणीतरी मागून कापणारच आहे, असं तिच्या मनाने घेतलं तर ते कोण काढणार? मी? शनिवारी येऊन टाळ्या वाजवणारी? न सांगावं, असंही एक मन म्हणत होतं. पोर विसरेल... पण ती विसरत नाही. पावडर नाही विसरली.

तिने लहान मुलांची बुटकी खुर्ची ओढली आणि ईश्वरीच्या समोर बसली. गुडघे छातीशी आले.

"ईश्वरी, मघाशी मी खोटं बोलले. त्या राख्या तुझ्या नाहीत. म्हणजे मणी तुझे आहेत. तुझ्या गाठी मी कापल्या आणि माझ्या मारल्या. मला वाटलं, छोट्या गाठी बऱ्या दिसतील. तुला विचारलं पण नाही. चुकलं माझं."

ईश्वरीचे डोळे भिंतीवरून सरकत तिच्या तोंडावर आले. रागावलेले होते की काय होते, सांगता येईना. मान मागे गेली, जबडा हलला, खांदा वर चढला. शब्द निघाला होता.

"तू..."

तू वाईट. तू जा. तू का... एकेक वाक्य मैत्रीच्या जिभेवर येऊन उभं राहिलं, पुरं करायला तयार. 'मी वाईट आहे ना?' असं स्वतःच म्हणून टाकलं की संपलं, मग ईश्वरी मान हलवेल, मग रडता येईल, मग डोळे पुसता येतील... तिने ओठ मिटून घेतले. ओठ मिटणं इतकं कष्टाचं असतं? वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. निशांत डब्यांवर शाळेच्या नावाचे कागद चिकटवत होता, एक उलटा चिकटवला, आणि मैत्रीचे हात मांडीवरच राहिले. रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. शर्मिला मॅडम बाहेर जाऊन कुणाशी तरी "थांबा हो पाच मिनिटं, काय आग लागलीय?" म्हणून भांडत होत्या.

ईश्वरीचा श्वास अडकला, सुटला. पुन्हा पहिल्यापासून. तिचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, हवेत हेलकावला आणि टेबलावर आपटला – दोऱ्याच्या जवळ. दोऱ्यासाठी की डबा आणखी ढकलायला, ते त्या हातालाही अजून ठरवायचं असावं. कपाळावर घाम होता. मैत्रीला तो पुसावासा वाटला, आणि तिने तो पुसला नाही.

"तू... उद्या..."

उद्या? जिभेवर रांगेत उभ्या असलेल्या वाक्यांपैकी एकातही उद्या नव्हता. ती सगळी एकदम निकामी झाली, आणि मैत्रीच्या आत कुठेतरी ऐसपैस जागा झाली. उद्या ये? उद्या येऊ नकोस? उद्या सोसायटीत सगळ्यांसमोर सांग? ती अंदाज बांधू लागली आणि मधेच सोडून दिला. मला ठाऊक नाही, तिला वाटलं, या मुलीच्या मनात काय आहे ते मला खरंच ठाऊक नाही – आणि इतके महिने मी किती ठाऊक असल्यासारखी वागत होते! भीती होतीच. तरी त्या भीतीत एक उत्सुकता मिसळली होती, जी तिला या शाळेत पहिल्यांदा आलेल्या दिवसानंतर वाटली नव्हती.

ईश्वरीची मान पुन्हा मागे गेली. तिसरा शब्द निघाला होता, वाटेत होता. येऊ दे, सावकाश येऊ दे. मी बसलेय.