चौकातला बिभीषण

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. शिकवणीतली मुलंही सांगतील, सरिता मॅडम फेऱ्या मारत गणित शिकवतात. आता माझ्यासारखीनं ज्या गटाचं मुख्य काम गप उभं राहणं आहे, त्यात कशाला जावं? पण गेले खरी.

आमच्या गटाचं नाव हक्क जागर. दर महिन्याच्या एका शनिवारी संध्याकाळी आम्ही क्रांती चौकात उभे राहतो. कुठल्यातरी दूरच्या देशात सरकारनं आत टाकलेली एखादी बातमीदार बाई, एखादा कामगार पुढारी, असा एकेक माणूस आम्ही धरतो. त्याचा मोठा फोटो, खाली नाव, आणि फोटोपुढं एक जाड मेणबत्ती. हा माणूस जिवंत आहे आणि आम्ही त्याला विसरलेलो नाही, असा त्या मेणबत्तीचा अर्थ. बद्रीनाथ सर तो दर वेळी नव्यानं समजावतात. सर पैठणकडच्या बागायतदार घरातले, राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. छावणीतली त्यांची गच्चीवरची खोली हेच आमचं कार्यालय. चौकातले लोक थांबतात, फोटो बघतात, सिग्नल सुटला की निघून जातात. आजवर दोन माणसं सुटली. आमच्यामुळं सुटली का, देव जाणे. सरांनी मात्र दोन्ही वेळा पेढे वाटले.

इथली प्रकरणं आली की मात्र आमची तारांबळ उडते. परदेशातल्या सरकारला काहीही बोला, ते आपल्या गल्लीत येत नाही. इथला साहेब सरांच्या पुतण्याच्या लग्नात पंगतीला बसून गेलेला असतो.

त्या शुक्रवारी सोनाजीबाबा खोलीत आले ते असंच प्रकरण घेऊन. खांद्यावर घोंगडी, हातात पिशवी, दारातच उभे. फर्दापूरच्या पलीकडं डोंगराखाली त्यांची धनगरांची वस्ती. मुलगा बिभीषण मेंढरं घेऊन रानात होता. रस्त्यावरच्या कुठल्याशा हॉटेलात चोरी झाली आणि संशयावरून पोलिसांनी त्याला गाडीत घातलं. त्याला चार दिवस झाले होते. कोर्टापुढं उभं केलेलं नव्हतं आणि कुठं ठेवलंय तेही कोणी सांगत नव्हतं. बाबा ज्या ठाण्यात जात तिथं त्यांना पुढच्या ठाण्याचा पत्ता मिळे. असं करत करत ते संभाजीनगरला पोचले होते.

बाबा बसेनात आणि मीही बसेना. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पोरगं जितं हाय का, तेवढं कळंल का?"

सोनिया आमच्यातली वकील. तिनं ताबडतोब फोन फिरवायला घेतले आणि सोमवारी हायकोर्टात जायची तयारी सुरू केली. पण सोमवार लांब होता. चार दिवस ज्याची नोंदच नाही त्याचं शनिवार-रविवारात काय होईल? मीच म्हणाले, "उद्या आपला शनिवार आहे. परदेशातल्या माणसाऐवजी याला उभा करू." सर थोडे घुटमळले, चष्मा पुसला आणि हो म्हणाले.

फोटो बाबांच्या पिशवीतच होता, लग्नातला. आमच्यातल्या गोकुळचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. त्यानं त्यातून नवरी कापली, बाशिंग पुसून टाकलं आणि बिभीषणचा चेहरा दाराएवढा केला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, बिभीषणला न्याय मिळालाच पाहिजे. बाबांनी त्या चेहऱ्यावरून हात फिरवला. "लई मोठं केलंत," एवढंच म्हणाले.

शनिवारी चौकात नेहमीपेक्षा चौपट माणसं थांबली. परदेशी बाईसाठी जे कधी थांबले नाहीत ते स्कूटर बाजूला लावून उभे राहिले. बिभीषण त्यांना कळत होता. एका रिक्षावाल्यानं आपल्या आरशाला बांधलेली झेंडूची माळ सोडून फ्लेक्सला अडकवली आणि हात जोडले. मेणबत्ती जळत होती. सरांचे डोळे भरून आले. मला तर वाटलं, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा शहर आपलं ऐकतंय. मी फोटो काढले आणि मिळतील त्या सगळ्या ग्रुपवर टाकले. पोरंपोरी ते पुढं पाठवत राहिली.

काम झालं. रविवारी सकाळी सोनियाला एका चौकीतून फोन आला, चौकशी झाली, घेऊन जा. ना कागद, ना सही. आम्ही पोचलो तेव्हा बिभीषण बाहेरच्या बाकावर बसला होता. उठला आणि पुन्हा बसला. तळपाय सुजलेले होते. बाबांनी आपली चप्पल काढून त्याच्यापुढं ठेवली. ती त्याच्या पायात शिरेना.

सोनियाला त्याला आधी दवाखान्यात न्यायचं होतं, माराची नोंद हवी होती. ती बरोबर होती. तिनं नेलं, डॉक्टरकडून लिहून घेतलं. पण बिभीषणचं सगळं लक्ष घराकडं. मेंढरं कोणाकडं आहेत, एवढंच त्यानं दोनदा विचारलं. घरात फोन एकच, तो त्याचा, आणि तो तपासासाठी म्हणून ठेवून घेतलेला. दुसऱ्या कोणाचा नंबर पाठ आहे का म्हटलं तर तो ओशाळून हसला. त्याला त्याचा स्वतःचाच पाठ होता. सर म्हणाले, "फोन कशाला? समोर उभा राहिला की काय आनंद होईल त्या माउलीला." आम्हा सगळ्यांना ते पटलं. सरांना गावच्या वाटेनं कंबर धरते, म्हणून गोकुळची जीप घेऊन गोकुळ आणि मी निघालो.

फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव. जीपमध्ये मला गप्प बसवेना. मी बाबांना चौकातली गर्दी सांगत होते, रिक्षावाल्याची माळ सांगत होते. बाबा व्हय व्हय करत होते. बिभीषण खिडकीला डोकं टेकून होता आणि खड्डा आला की पाय उचलून धरत होता. घाट उतरताना तो सरळ बसला आणि बाहेर बघायला लागला. मला वाटलं, इतकी वर्षं आपण जे करतो त्याचं फळ हे असं दिसतं. खरं सांगते, मी मनात सगळं सजवून ठेवलं होतं. आई धावत येईल, बायको दारामागून बघेल.

वस्तीवर जीप थांबली तेव्हा लिंबाखाली माणसं बसलेली होती. रविवारी दुपारी इतकी माणसं का, असं गोकुळ पुटपुटला. बाया एकीकडं, पुरुष एकीकडं. एकाही घरातून धूर निघत नव्हता. बिभीषण दाराला धरून खाली उतरला आणि बायांतून अशी किंकाळी उठली की कुत्रीसुद्धा मागं सरकली.

त्याची आई, म्हाळसाबाई, उठून आली. धावत नाही, पाय ओढत. तिनं त्याचं तोंड चाचपलं, छाती चाचपली, दंड दाबून बघितले. मग फाडकन त्याच्या तोंडात मारली आणि त्याच्या गळ्यात पडून रडायला लागली.

माझ्या लक्षात काहीच येत नव्हतं. शेवटी एका माणसानं त्याचा मोबाईल माझ्यापुढं धरला. त्यावर मीच काढलेला फोटो होता. दाराएवढा बिभीषण, झेंडूची माळ, पुढं जळणारी मेणबत्ती आणि न्यायाची मागणी. फर्दापूरच्या कुणीतरी तो पुढं पाठवताना वर भावपूर्ण श्रद्धांजली लिहिली होती. शनिवारी रात्रीच तो वस्तीवर पोचला होता. बाबांचा पत्ता नव्हता, बिभीषणचा फोन बंद होता. मग शंका घ्यायला जागाच कुठं उरली?

मी समजवायला लागले. ही मेणबत्ती म्हणजे माणूस जिवंत आहे, हे सगळ्या जगात चालतं, वगैरे. सरांची सगळी वाक्यं माझ्या तोंडून पटापट बाहेर पडली. सोनाजीबाबा ऐकत होते.

"बाई, आमच्यात जित्या माणसाच्या फोटूम्होरं दिवा लावत नाईत," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "तुमच्यात लावतेत का?"

आमच्यातही लावत नाहीत. आमच्या दिवाणखान्यात सासऱ्यांच्या फोटोपुढं रोज जो दिवा लागतो तो मीच लावते. इतकी वर्षं चौकात उभे राहिलो, पण त्या परदेशी माणसांचं गावच इथं नव्हतं, फोटो बघून छाती पिटणारं कोणी नव्हतं. त्यामुळं हे कधी डोक्यातच आलं नाही. शिकल्यासवरल्या चौघांच्या डोक्यात नाही.

तेवढ्यात बिभीषणचा आवाज आला. "हे काय?"

तो घराच्या दारात उभा होता आणि आत त्याची बायको अंबिका बसली होती. कपाळ पुसलेलं, गळा मोकळा. दोन्ही मनगटं उघडी, आणि डाव्या मनगटावर काचेनं कापलेल्या लाल रेघा. हळद भरलेली होती. बिभीषणनं पुन्हा तेच विचारलं. त्याची चुलती, द्वारकाबाई, तोंडाला पदर लावून खाली बघत होती. तीच हे सगळं आजच्या आज उरकलं पाहिजे म्हणून पुढं झाली होती, असं मला नंतर कळलं.

मग एकदम सगळे बोलायला लागले. झालं गेलं, पोरगं आलं, देवानं दिलं. कोणीतरी कासाराला बोलवायला निघालं, आज हिरवा चुडा भरायचा म्हणून. कोणी साखर आणली. द्वारकाबाई पहिल्यांदा हसली आणि म्हणाली की आता पोराचं औक्षच वाढलं समजा. लोकांचा जीव भांड्यात पडला होता. मी त्यांना दोष देत नाही. पण मला तिथं उभं राहवेना. मी आत जाऊन अंबिकाजवळ बसले. चूक आमची झाली, असं म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली.

मग म्हणाली, "मी म्हनत हुते. मोबाईलमधी आलं म्हून कुनी मरतं का. मढं तर दाखवा. कुनी ऐकलं नाय." तिनं मनगट उलटं करून बघितलं. "चौघींनी धरलं मला. दोघी हातावर, दोघी पायावर."

बाहेर साखर वाटली जात होती. त्या चौघी त्यातच होत्या. एक माझ्यासाठी पाणी घेऊन आली, अंबिकाच्या पाठीवरून मायेनं हात फिरवून गेली.

"तुमी धरून नेलेल्या मानसांचं बघता म्हनं," अंबिका म्हणाली. "ह्येंना धरलं तर तुमी चौकात उभं ऱ्हायलात. मला धरलं त्याचं कुटं मांडायचं?"

विधवांच्या बांगड्यांवर आमच्या गटानं एक व्याख्यान ठेवलेलं आहे. छावणीत, खुर्च्या मांडून. आभारप्रदर्शन मी केलं होतं. त्यातलं एकही वाक्य मला तिच्यापुढं उच्चारता आलं नाही. लाज वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. मी तिला विचारलं, कोण चौघी, नावं सांग, आपण बोलू, मी आत्ता बोलते. मी उठलेसुद्धा.

तिनं माझ्या साडीचा काठ धरून मला खाली बसवलं.

"नावं सांगंन," ती म्हणाली. "पर आज नाय. आज त्ये आलेत."

बाहेर म्हाळसाबाई ओरडून सांगत होती की पोरगं सहा दिवसांचं उपाशी आहे, चूल पेटवा. कासार अजून यायचा होता. अंबिका उठली, चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं. बाया म्हणाल्या, राहू दे, हात दुखेल. तिनं ऐकलं नाही. भाकरी थापायला लागली. उघड्या मनगटांची भाकरी मी कधी ऐकलेली नव्हती. नुसते थपथप हात वाजत होते, बाकी काही नाही. द्वारकाबाई उठून बाहेर गेली. बिभीषण दारात बसून ते ऐकत राहिला. मीही हलले नाही.