दाबलेली गिटार

"माझा आवाज कोणी कमी केला?"

गाणे संपते न संपते तोच तव्याने हा प्रश्न फेकला, आणि फर्निचरच्या त्या गोदामात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभ्या केलेल्या गाद्यांच्या रांगांमधून, तो पार दारापर्यंत गेला. तवा हे त्याचे खरे नाव अर्थातच नव्हे. तापायला क्षण पुरतो आणि निवायला अर्धा दिवस लागतो, ह्या गुणामुळे मित्रमंडळींनी ते बहाल केले होते, आणि कालांतराने ते सख्ख्या बहिणीच्याही तोंडी रुळले होते.

"कुणी हात लावलेला नाही रे बाबा," ड्रमच्या पलीकडून भाऊजी म्हणाले. भाऊजी म्हणजे तव्याच्या ताईचे यजमान. गोदामाची देखरेख त्यांच्याकडे असल्याने सरावाला जागा मिळे, आणि ज्याची जागा त्याचा शब्द, ह्या न्यायाने बँडचे पुढारीपणही त्यांच्याकडे चालत आले होते. "कमी वाटतोय तर वाढव की."

"वाढवलाय! शेवटपर्यंत वाढवलाय!"

"मग आम्हाला का नाही येत ऐकू?"

"ते तुम्हीच सांगा. सगळ्यांचे आवाज कमी-जास्त करणारा मिक्सर तुमच्या हाताशी आहे, माझ्या नाही."

"झालं सुरू," माईकसमोर उभी असलेली ताई पुटपुटली, आणि माईक चालूच असल्याने ते साऱ्या गोदामाला ऐकू गेले.

भाऊजींनी काठ्या मांडीवर ठेवल्या. "हे बघ. शनिवारी सभागृहात कार्यक्रम आहे. शुक्रवारच्या सरावात गिटार ऐकू आली नाही, तर मी कीबोर्डवाल्याला बोलावणार. तू मग प्रेक्षकांत बस. तिथून तुझा आवाज चांगला येतो."

बेस गिटार वाजवणारा मुका गालातल्या गालात हसला. मुका हा खरोखरीचा मुका नव्हता. तो बोलणे टाळी, इतकेच. तव्याच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. तो गिटारच्या वायरी गुंडाळू लागला, आणि ज्या प्रकारे त्याने त्या गुंडाळल्या ते पाहता, त्या वायरींना जीव असता तर त्यांनी तो तिथेच सोडला असता.

आता तव्याच्या पायाशी जी लोखंडी पेटी असे, तिच्याविषयी सांगणे अगत्याचे आहे. तिला डिस्टॉर्शन पेडल म्हणतात. तळहातावर मावेल एवढी ती वस्तू गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये जोडतात व पायाने चालू-बंद करतात. गिटारचा साधा, सभ्य आवाज एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने फाटलेला, घोगरा व संतप्त होऊन बाहेर पडतो. तव्यासारख्या माणसाला गिटारपेक्षा ही पेटीच अधिक जवळची वाटावी, यात नवल ते काय?

ती निवडताना दुकानात तीन पेट्या त्याच्यापुढे मांडल्या होत्या. पहिली फारच मवाळ निघाली. दुसरी नाकात बोलणाऱ्या भांडखोर शेजाऱ्यासारखी वाटली. तिसरीचा स्वर असा काही गडगडला, की स्टुलावर बसलेल्या तव्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले.

"ही एकट्याने वाजवायला छान आहे," दुकानदार म्हणाला होता. "बँडमध्ये वाजवणार असाल तर मधली न्या."

"पैसे तुम्ही देणार आहात का मी?" असे विचारून तव्याने तिसरी उचलली होती.

तेवढ्यानेही त्याचे समाधान झाले नाही. खिडक्यांच्या जाळ्या वेल्डिंग करणे हा त्याचा व्यवसाय. ज्या हातांनी लोखंडाला लोखंड जोडले, त्यांना तारेला तार डाखायचे नाजूक सोल्डरिंग थोडेच भारी? त्याने पेटीचे पाठीमागचे झाकण उघडले. आत दोन इवलेसे डायोड असतात. आवाज एका मर्यादेबाहेर डोके वर काढू लागला की ते त्याचे डोके छाटतात, आणि त्या छाटण्यातूनच तो फाटका स्वर जन्मास येतो. तव्याने ते काढून आणखी खाली छाटणारे डायोड बसवले. एक कपॅसिटर बदलून मोठा लावला, जेणेकरून खर्जाला खोली यावी. अँप्लिफायरवरची खालच्या व वरच्या स्वरांची, म्हणजे बेस आणि ट्रेबल ही दोन बटणे त्याने टोकापर्यंत फिरवली, आणि मधले, ज्यावर मिड असे लिहिलेले असते, ते शून्यावर नेऊन ठेवले. त्या मधल्या पट्टीत गिटारला सर्दी झाल्यासारखी वाटते, असे त्याचे ठाम मत होते.

त्याच्या स्वतःच्या खोलीत हा आवाज केवळ भव्य वाटे. कपाटाची काच थरथरे. पलीकडून आई ओरडे, "अरे, घर पाडायचंच असेल तर आधी मला भांडी तरी बाहेर काढू दे!"

अशी गिटार चार माणसांत ऐकू येत नाही, याचा अर्थ त्याच्या लेखी एकच होता. ती कोणीतरी दाबत होते.

पुढच्या सरावाला तो घरून पेटूनच आला. गेनचे बटण, जे आवाज किती फाटावा हे ठरवते, त्यानेही आता शेवटचे टोक गाठले होते. भाऊजींनी काठ्या आपटून ताल दिला, गाणे सुरू झाले, आणि तव्याने तारांवर असा हात मारला की जणू त्यांनी त्याचे वडिलोपार्जित वैर पत्करले होते. पहिले कडवे संपायच्या आत भाऊजींनी हात वर केला.

"वाजवतोयस ना?"

"डोळे नाहीत का तुम्हाला?"

"डोळ्यांना दिसतंय रे. कानांचं विचारतोय."

मग मात्र तव्याचा बांध फुटला. "मला सगळं कळतं! तुमच्या बायकोचा आवाज पुढे यावा म्हणून मला मागे ढकललंय! ताई, तूच सांगितलं असशील!"

ताई शांतपणे माईक बंद करून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. लहानपणी त्याचे कान पिळण्याआधी ती अशीच यायची.

"ते दार दिसतंय? तिथे जाऊन उभा राहा. तुझी गिटार मुका वाजवेल. तूच ऐक."

"माझी गिटार मी कोणाला देत नाही."

"म्हणूनच कधी ऐकली नाहीस. जा!"

तवा गेला. पाय आपटत गेला. गोदामाच्या दारापाशी, सुट्या टेबलांच्या पायांच्या ढिगाजवळ, हाताची घडी घालून उभा राहिला. मुक्याने गिटार गळ्यात घातली, भाऊजींनी ताल दिला, ताई गाऊ लागली.

तव्याला ड्रम ऐकू आले. ताईचा शब्द न् शब्द ऐकू आला. गिटार म्हणून जे ऐकू आले ते कुठेतरी लांब पंखा फिरत असल्यासारखे होते. खालची घरघर ड्रमने गिळली होती, वरची सळसळ झांजांनी खाल्ली होती, आणि मध्ये काहीच उरले नव्हते. मध्ये जे असायला हवे होते ते त्याने स्वतःच्या हाताने शून्यावर नेऊन ठेवले होते. तरीही तो मान्य करायला तयार नव्हता. मिक्सरकडे डोळे लावून तो भाऊजींची लबाडी पकडायची वाट पाहत होता, आणि भाऊजींचे दोन्ही हात बिचारे ड्रमवर होते.

इतक्यात गिटार सावरताना मुक्याचा पाय पेटीवर पडला. पेटी बंद झाली. त्याच क्षणी गिटारचा उघडा, कोरडा, साधा आवाज गाद्यांच्या रांगा ओलांडून थेट दारापर्यंत आला. स्वर न् स्वर वेगळा.

तव्याला जो संताप आला, तो आजवरच्या सर्व संतापांहून निराळा होता, कारण तो न्यायचा कोठे हे त्याला कळेना. साप साप म्हणून त्याने आजवर भुई धोपटली, आणि साप तर घरी पाळलेला! तो परत आला, मुक्याच्या गळ्यातून गिटार काढली आणि सामान भरू लागला.

"काय ऐकलंस?" ताईने विचारले.

"काही नाही," तो म्हणाला. ते खरे होते, पण त्याने ते कबुलीसारखे न म्हणता शिवीसारखे म्हटले.

घरी येऊन त्याने झाकण उघडले आणि खाटकासारखा कामाला लागला. खाली छाटणारे डायोड उपटले. त्यांच्या जागी दोन साधे लाल दिवे, म्हणजे एलईडी, सोल्डर केले. तेही छाटतात, परंतु पुष्कळ वर, त्यामुळे आवाजाला मान ताठ ठेवता येते. मोठा कपॅसिटर काढून जुना बसवला. गेन निम्म्यावर आणला. शेवटी मिडचे बटण फिरवताना त्याचे दात एकमेकांवर घासत होते. आवाज कर्कश, हेंगाडा आणि भांडखोर निघाला. त्या नाकात बोलणाऱ्या शेजाऱ्याचा सख्खा भाऊच. खोलीत तो ऐकवेना.

"बरं नाही का रे आज?" भिंतीपलीकडून आईने काळजीने विचारले.

शुक्रवारी तो आला तो थेट अँप्लिफायरपाशी गेला. पेटी जोडली, बटणे लावली आणि भाऊजींकडे न पाहता मान हलवली. गाणे सुरू झाले. पहिल्याच फटक्याला भाऊजींची मान वर झाली. गिटार आता ताईच्या आवाजाला खेटून, अंगावर धावून आल्यासारखी वाजत होती, आणि कोणाला आवडो वा न आवडो, ती तिथे होती. तव्याच्या छातीत आनंद मावेना. पण तो चेहऱ्यावर दिसू देईल तर तो तवा कसला?

दुसरे कडवे आले आणि मुका वाजवायचा थांबला.

"आता ऐकू येतं," मुका म्हणाला. त्याचा आवाज ऐकून भाऊजीही थांबले. "इथे चुकतोस तू. तिसरं बोट पट्टीवर एक घर पुढे पडतंय."

"कधीपासून?" भाऊजींनी विचारले.

"नेहमीच तिथे पडत असणार. आज कळलं."

"मी वर्षभर असंच वाजवतोय!" तवा गरजला, आणि गरजून झाल्यावर आपण काय बोललो हे त्याला समजले.

ताई हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. "वर्षभर," ती म्हणाली. "त्या ओळीला माझा सूर ढळतो असं मला वर्षभर वाटत होतं. तू माझ्या शेजारी उभा असतोस. कानात काहीतरी खुपायचं, आणि मी समजायचे, आपलाच गळा गेला. घरी ती एकच ओळ घोकत बसायचे. विचार यांना. आणि तू मला म्हणालास, मी तुला दाबते?"

भाऊजी खाली बघत काठीचे टोक तपासू लागले.

"कीबोर्डवाल्याला फोन करू का?" त्यांनी हळूच विचारले.

"अजिबात नाही," ताई म्हणाली. "उद्या हाच वाजवेल. चुकला तर सगळ्या सभागृहाला कळू दे, कोण चुकलं ते. चला, दुसरं कडवं."

भाऊजींनी काठ्या उचलल्या. तव्याने तिसरे बोट एक घर मागे घेतले. ते त्याला तिथे परके वाटले. त्याचा उजवा हात नकळत खाली वाकला आणि अँप्लिफायरच्या बटणाकडे, आवाज थोडा, अगदी थोडा कमी करायला, गेला.

"हात काढ तिथून," ताई म्हणाली.