मयताचा कायमचा पत्ता

खिडकीतून मृत्यूचा दाखला हातात आला, तो दादांनी तिथंच उभ्याउभ्या वाचायला घेतला. वाचायला म्हणजे एकेका शब्दावर बोट ठेवून. छापखान्यात प्रुफं तपासण्यात छत्तीस वर्षं गेलेली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा त्यांना बोट ठेवल्याशिवाय वाचता येत नसे. आईचं नाव बरोबर. वय चौऱ्याऐंशी, बरोबर. तारीख, वेळ, रुग्णालय, सगळं बरोबर. मग बोट खालच्या ओळीवर आलं आणि तिथंच चिकटलं.

'मयताचा कायमचा पत्ता' असं छापलं होतं आणि त्यापुढे धाकट्या भावाचं घर होतं. घराचा क्रमांक, दुसरा मजला, चष्म्याच्या दुकानाच्या वर, रस्ता, गाव. काहीही सुटलेलं नव्हतं.

"आजोबा, झालं का? मागे माणसं ताटकळलीत," मागून आवाज आला.

दादा बाजूच्या बाकावर जाऊन बसले आणि पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं. पत्ता बदलला नाही. म्हणजे सरकारदरबारी आई धाकट्याच्या घरची होती. सत्तावीस वर्षं तिचं अंथरूण दादांच्या घरात, तिचा दातांचा डबा दादांच्या फडताळात, तिच्या गुडघ्यांना तेल दादांच्या हाताचं; आणि कायमचा पत्ता धाकट्याचा. विजेच्या मीटरवर आईचं नाव होतं, ते बदलायला एक कागद हवा, एवढ्या साध्या कामासाठी ते सकाळी घरून निघाले होते.

खालच्या कोपऱ्यात 'माहिती देणाऱ्याचे नाव' होतं. तिथंही धाकटाच. पण ते दादांना ठाऊक होतं. आई गेली तेव्हा ते अंघोळीला घरी गेले होते. अकरा रात्री उशाशी काढल्या आणि बाराव्या दिवशी सकाळी चाळीस मिनिटं उठले, तेवढ्यात. आदल्या संध्याकाळी बसमधून उतरलेला धाकटा तेव्हा तिच्याजवळ होता. "आई माझ्या हातावर गेली," असं तो तेराही दिवस येईल त्याला सांगत होता आणि दादा शेजारी बसून मान हलवत होते.

हे दुखणं काही आजचं नव्हतं. वर्षातले अकरा महिने आई दादांकडे असे आणि एक महिना धाकट्याकडे, चार तासांच्या वाटेवरच्या गावी. ती जायला निघाली की दादांचं जेवण कमी होई. आणि ती परत आली की आणखी कमी होई. कारण मग सुरू होई, "धाकट्याकडे बाई हवा कशी खेळती असते!" धाकट्याकडच्या गादीवर पाठ दुखत नसे. धाकट्याची बायको डाळ कशी मऊ शिजवते. आईच्या डोळ्यांवर चष्माही धाकट्याचाच होता, त्याच्या दुकानातला, दर दोन वर्षांनी नवा. दादांना वाटे, आई आपल्याकडे बघते तीसुद्धा त्याच्या भिंगांतून.

घरी येऊन त्यांनी दाखला बायकोसमोर टेबलावर ठेवला. "वाच."

बायकोने वाचला. "अगं बाई! चूक झाली असेल हो त्यांची."

"चूक अशी होत नाही," दादा म्हणाले. "चुकीत एखादं अक्षर गळतं, एखादी ओळ दोनदा पडते. अख्खा पत्ता मजल्यासकट चुकून पडत नाही. हे कोणीतरी ठरवून लिहिलंय."

"कोणीतरी म्हणजे भावोजी?"

"खाली माहिती देणारा म्हणून नाव कोणाचं आहे?"

"तुम्ही ना," बायको ताटं मांडताना म्हणाली, "लहानपणी भावोजींना मोठा पतंग मिळाला होता, ते अजून काढता. आई होती तोवर ठीक. आता कशावर भांडणार आहात?"

"पतंग माझा होता," दादा म्हणाले आणि फोनकडे गेले.

धाकट्याने पलीकडून उचलला तो दुकानातल्या मोठ्या आवाजात. "बोल दादा!"

"तू आईचा पत्ता कुठला दिलास?"

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. एरवी हा माणूस गिऱ्हाइकाला श्वास घेऊ देत नसे.

"दाखला काढलास वाटतं," तो म्हणाला.

"म्हणजे तुला माहीत होतं!"

"दादा, फोनवर नको. मी येतो."

"यायलाच लागेल. दुरुस्तीच्या अर्जावर माहिती देणाऱ्याची सही लागते. खिडकीवर पाटीच लावलीय तशी. पहिल्या बसने ये."

रात्रभर दादांनी मनात एक भाषण जुळवलं. त्यात सत्तावीस वर्षं होती, तेल होतं, गुडघे होते, 'तुला दुकान, तुला बोलणं, तुला आईची शेवटची नजर, आता तिचा पत्ताही हवा का' असं एक वाक्य होतं, आणि ते त्यांना इतकं आवडलं की तीनदा दुरुस्त करून पुन्हा पहिल्यासारखंच ठेवलं.

सकाळी धाकटा कचेरीच्या पायऱ्यांवर उभा होता. एरवी लांबूनच हसत येणारा हा माणूस आज दादांच्या पाया पडला आणि नुसताच उभा राहिला. पोट सुटलेलं, डोक्यावर केस उरलेले नाहीत. दादांना वाटलं, हा आईसारखा दिसायला लागलाय. तेही त्यालाच मिळालं.

"खाल्लंस का काही?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. भाषण राहिलं.

खिडकीमागच्या नोंदणीच्या बाई हडकुळ्या, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांनी दाखला पाहिला, मग मागच्या कपाटातून जाड नोंदवही काढून आणली. ओळीखाली लाकडी पट्टी ठेवली आणि पट्टी सरकवत वाचू लागल्या. दादांना हे फार बरं वाटलं. छापखान्यात त्यांच्याकडेही अशीच पट्टी होती, नजर खालच्या ओळीत घसरू नये म्हणून.

"नोंदीत हाच पत्ता आहे," बाई म्हणाल्या. "दाखला नोंदीप्रमाणे बरोबर आहे."

"नोंदच चुकवली आहे," दादा म्हणाले. "आई माझ्याकडे राहत होती. सत्तावीस वर्षं. यांनी," आणि ते धाकट्याकडे न बघता बोलले, "आपल्या घरचा पत्ता सांगितला."

"तुम्ही सांगितलात?" बाईंनी धाकट्याला विचारलं.

"मी सही केली," धाकटा म्हणाला.

"मी काय विचारलं?"

धाकटा नोंदवहीकडे बघत राहिला. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "हे बघा काका, मी मूळ कागद बघितल्याशिवाय शेरा मारत नाही. मग कोणी कितीही वर्षं सांभाळलेलं असो. थांबा."

त्या आत गेल्या. दादा हलक्या आवाजात म्हणाले, "बोल की आता. दुकानात तर तोंड बंद होत नाही."

"कागद येऊ दे," धाकटा म्हणाला.

बाई एक फाईल घेऊन आल्या. "रुग्णालय आम्हाला जे कळवतं, ते पेशंट दाखल करताना भरलेल्या फॉर्मावरून. तो इथं जोडलेला असतो. हा बघा. पत्ता यातूनच घेतलाय. सही करणाऱ्याने फक्त खाली सही केलीय." त्यांनी फाईल खिडकीतून उलटी फिरवून पुढे सारली.

दादांनी बोट ठेवलं. आईचं नाव. मग पत्ता. घराचा क्रमांक, स्वल्पविराम. दुसरा मजला, स्वल्पविराम. चष्म्याच्या दुकानाच्या वर, स्वल्पविराम. फॉर्मात एवढे स्वल्पविराम कोण देतं? 'मजला'मधल्या 'ला'ची काठी जराशी डावीकडे कललेली. शेवटी गावाचं नाव आणि त्याखाली ठसठशीत एक रेघ.

गावाखाली रेघ फक्त पाकिटावर मारतात, टपालवाल्याला गाव पटकन दिसावं म्हणून. आणि त्यांच्या ओळखीत ती मारणारा एकच माणूस होता.

अक्षर दादांचं होतं.

"काका, बसता का?" बाईंनी विचारलं.

दादा बसले नाहीत. त्यांना ती संध्याकाळ आठवली. आईला श्वास लागलेला, चाकाच्या खुर्चीत मान एका बाजूला, आणि खिडकीतून कोणीतरी फॉर्म आणि पेन पुढे केलेलं. नाव लिहा, पत्ता लिहा, लवकर. त्यांनी नाव लिहिलं. पुढचं हातानेच लिहून टाकलं होतं.

कारण आईचं नाव लिहून त्याखाली पत्ता लिहायचा, हे काम त्या हाताने आयुष्यात एकाच ठिकाणासाठी केलं होतं. आपल्याच घरात राहणाऱ्या माणसाला कोण पत्र लिहितो? आई महिनाभर धाकट्याकडे गेली की मात्र दर तिसऱ्या दिवशी पाकीट जाई. तिला फोनवर ऐकू येत नसे, म्हणून पत्र. निदान दादा सांगत ते हेच. खरं तर धाकट्याच्या घरात दर तिसऱ्या दिवशी आपली आठवण दारावर थाप मारून यावी, असं त्यांना वाटे. त्या पत्रांत खोटंही पुष्कळ असे. मांजर जेवत नाही. तुझ्या खोलीला रंग द्यायचाय, कुठला ते येऊन सांग. मांजर चांगलं दोन घरी जेवत होतं. खोलीला रंग कधी दिलाच नाही. पण आई चार दिवस आधी परत येई, आणि ते चार दिवस धाकट्याच्या वाट्यातून काढल्याचा आनंद दादांना पुढे महिनाभर पुरे.

सत्तावीस वर्षं, दर वर्षी दहा पाकिटं. हात शिकला नाही तरच नवल. प्रुफांत दुसऱ्यांच्या चुका काढून निवृत्त झालेल्या माणसाने आईच्या शेवटच्या कागदावर ही चूक केली होती, आणि वाचून न बघता खिडकीतून आत सरकवली होती.

"तू हा कागद पाहिला होतास," ते धाकट्याला म्हणाले.

"सही करताना पाहिला."

"अक्षर ओळखलंस?"

"दादा, सत्तावीस वर्षं ती पाकिटं मीच दारात घेत होतो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? नर्सकडून बदलून घेता आलं असतं. काल फोनवर मी इतकं बोललो..."

धाकट्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. दुकानातल्या माणसाने असा शर्टाने पुसू नये. "बदलणार होतो. पेन हातात घेतलं होतं. मग वाटलं, राहू दे. एका तरी कागदावर आई माझ्याकडे राहते." तो भिंगाकडेच बघत बोलत होता. "तुला काय कळणार? तुझ्याकडे ती राहत होती. माझ्याकडे पाहुणी यायची. आल्या दिवसापासून पिशवी दाराजवळ. डाळ मऊ शिजवा, गादी बदला, काही करा, तिसऱ्या दिवशी तुझं पाकीट यायचं आणि ही विचारायची, परतीची बस किती वाजता? त्या मांजराचा मला इतका राग यायचा!"

"मला सांगायची, धाकट्याकडे हवा कशी खेळती असते," दादा म्हणाले.

"आणि मला सांगायची, दादाकडे झोप कशी शांत लागते."

बाईंनी खिडकीच्या फळीवर पट्टी आपटली. "भरतभेट नंतर करा. दुरुस्ती करायची की नाही? लाईन आहे मागे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. क्षणभर दादांच्या मनात आलं की म्हणावं, राहू द्या. मोठ्या भावाला शोभलंही असतं. पण आई त्यांच्याकडे राहत होती, हे खरं होतं, आणि चुकीचं छापलेलं तसंच सोडून देणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. मनाचा मोठेपणा करायचा तर दुसऱ्या कशात तरी करू, असं त्यांनी ठरवलं.

"करायची," ते म्हणाले.

"करायचीच," धाकटा म्हणाला, जरा उशिराने, आणि सही केली.

दुरुस्तीच्या अर्जात दादांनी आईचं नाव लिहिलं आणि हात उचलून धरला. मग एकेक अक्षर, शाळेतल्या मुलासारखं, स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला. सवयीने गावाखाली रेघ मारायला पेन टेकलं होतं, ते मागे घेतलं.

बाईंनी नोंदवहीत समासात लाल शाईने नवा पत्ता लिहिला, तारीख घातली, सही केली.

"आणि जुना?" दादांनी विचारलं. "तो खोडत नाही?"

"नोंदवहीत खोडाखोड नसते काका. जुनं तसंच राहतं, बाजूला शेरा येतो. दाखल्यावर मात्र नवीनच पत्ता येईल. परवा या."

म्हणजे त्या जाड वहीत मुख्य ओळीत धाकट्याचंच घर राहणार होतं, आणि दादांचं समासात. त्यांनी धाकट्याकडे चोरून पाहिलं. तोही ती लाल ओळ बघत होता, आणि चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याला लाल शाई जास्त उठून दिसते असं वाटतंय.

पायऱ्या उतरताना दादांनी विचारलं, "ती पत्रं कुठे आहेत रे? तिच्या सामानात एकही नव्हतं."

"माझ्याकडे. जाताना ती तिथंच ठेवून जायची. सगळी आहेत, दुकानाच्या ड्रॉवरमध्ये, तारखेवार."

"मला दे. मी लिहिलेली आहेत."

"मुळीच नाही," धाकटा म्हणाला. बसच्या दिशेने तो दोन पावलं पुढे गेला होता, तो थांबून मागे वळला. "माझ्या पत्त्यावर आलीत ती. वाचायची असतील तर ये चार दिवस. आणि चष्मा बदल आधी, तिथंच नंबर काढू. एवढा मोठा पत्ता चुकवतोस, म्हणजे काय दिसतंय तुला!"

"चारच दिवस?" दादा म्हणाले. "आईला महिना होता."