मास्तरांचा ब्रेक

मास्तरांच्या पोटात काही म्हणता काही राहत नसे. ड्रायव्हिंग स्कूलची ती जुनी पांढरी गाडी, शेजारच्या सीटवर मास्तर, त्यांच्या पायाखाली शिकवणाऱ्यासाठी बसवलेला दुसरा ब्रेक, आणि तोंड दिवसभर चालू. शिकणारा बिचारा क्लचशी झटापट करायचा, आणि मास्तर त्याला घरच्या नळाची कहाणी ऐकवायचे. तेव्हा त्यांच्या लेकीला, भिंगरीला, दूरच्या त्या नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला आणि वर शिष्यवृत्तीही मिळाली, ही बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार?

खरं तर चूक तिथेच झाली. भिंगरी मोबाइलवरचं मोठ्याने वाचत होती. ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द कानावर पडला मात्र, मास्तरांनी चपला चढवल्या आणि ते जिना उतरले. पुढचं वाक्य ऐकायला घरात फक्त भिंगरीची आई उरली. शिष्यवृत्ती पहिल्या वर्षापुरती होती, तीही अर्ध्या फीची. बाकी फी, वसतिगृह, खाणंपिणं आणि पुढची सगळी वर्षं ज्याची त्याने बघायची होती.

हे मास्तरांना कळलं ते मिठाई वाटून घरी आल्यावर. त्यांनी कपाळाला हात लावला. पण आता माघार घ्यायची कशी? कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यापासून ते स्वतःच्या सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं.

“कर्ज काढू,” ते म्हणाले. “मी काय मेलोय का?”

कर्जाची चौकशीही त्यांनी गाडीतच केली. बँकेतल्या मॅडम त्यांच्याकडे शिकायला यायच्या. मॅडम सरळ रस्त्यावर एकदम झकास, पण रिव्हर्स घालताना डोळे मिटून घ्यायच्या.

“मॅडम, पोरीच्या शिक्षणाला कर्ज मिळेल ना?”

“मिळेल की, मास्तर. मिळायला काहीच अडचण नाही. पण फेडताना मात्र...”

“आरसा! मॅडम, आरसा बघा!”

धडाम्! कचऱ्याचा डबा आडवा झाला. डबा उभा करण्यात, सांडलेलं गोळा करण्यात आणि मॅडमची समजूत घालण्यात ते वाक्य राहूनच गेलं. मास्तरांनी एवढंच ध्यानात ठेवलं की मिळेल.

कर्जाच्या कागदांवर सही करायच्या दिवशी सकाळी भिंगरी म्हणाली, “मी चालवते.” मास्तर खूश. कागदांची पिशवी मांडीवर घेऊन ते शेजारी बसले. लेकीला लायसन्स मिळून वर्ष होत आलं होतं, आणि ती गाडी अशी चालवायची की मास्तरांना बोलायला चूक सापडत नसे. ते एक दुःखच होतं त्यांना.

आज मात्र ती रस्त्यावरून नजर हलवत नव्हती. एवढं मोठं ओझं आपल्याला झेपेल का, हे मास्तरांनी स्वतःला अजून विचारलंच नव्हतं. विचारायची भीती वाटत होती म्हणून ते जास्तच बोलत होते.

चौक आला. बँक डावीकडे. भिंगरीने आरसा पाहिला, सिग्नल दिला आणि गाडी उजवीकडे वळवायला घेतली.

मास्तरांचा पाय खाडकन ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी थांबली. मागून दुधाच्या टेम्पोने हॉर्नचा सपाटा लावला.

“अगं, डोकं ठिकाणावर आहे का? बँक डावीकडे!”

“माहितीय, बाबा. आपण बँकेत नाही जात. इथल्या कॉलेजात जातोय. काल आई आणि मी बघून आलो.”

“आईला ठाऊक होतं? आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“आईच म्हणाली, घरात नको सांगूस, ते अर्ध्यात उठून जातील. गाडीत सांग. गाडीत पट्टा बांधलेला असतो.”

मास्तरांनी पट्ट्याकडे पाहिलं.

“आणि तुमचा नियम काय?” भिंगरीने विचारलं. “प्रत्येकाला पहिल्या दिवशी काय सांगता?”

“स्टिअरिंग ज्याच्या हातात, रस्ता त्याने निवडायचा,” मास्तर पुटपुटले. “मी फक्त ब्रेक दाबणार. तोही जिवावर बेतलं तरच.”

“मग आता कुणाच्या जिवावर बेतलं होतं?”

टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून काहीतरी सुनावलं. मास्तरांनी त्याला हाताने ‘थांब रे बाबा’ केलं.

“भिंगरे, खरं सांग. माझ्यासाठी मन मारतेस ना?”

“थोडं मारलं,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू? परवा बाथरूममध्ये नळ सोडून रडले. ते कॉलेज मला हवंच होतं. पण बाबा, शिकून नोकरीला लागले असते, तरी निम्मा पगार हप्त्यात गेला असता. आणि तुम्ही म्हातारपणीसुद्धा कचऱ्याच्या डब्यांना धडकणाऱ्यांच्या शेजारी बसला असता. मला इंजिन शिकायचंय. ते इथेही शिकवतात. इथलं वर्कशॉप बघितलंत तर तुम्हीच तिथून हलणार नाही. राहायचं घरी, सकाळी तुमच्या लोकांना रस्त्याचे नियम शिकवायचे, मग कॉलेज. आणि माझ्या मार्कांवर इथे फी माफ आहे!”

फी माफ! मास्तरांचा एक हात पट्ट्याच्या बटणावर गेला, दुसरा दाराच्या कडीवर. टेम्पोवाला मागे होताच. त्याला सांगायला दहा पावलंसुद्धा चालायला लागणार नव्हती.

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली.

मास्तरांनी दोन्ही हात हळूच परत पिशवीवर आणून ठेवले. घसा खाकरला.

“आणि... पुढचं वाक्य काय आहे?”

भिंगरीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचे डोळे भरून आले.

“दरवर्षी मार्क टिकवले तर शेवटपर्यंत माफ. एका वर्षी जरी घसरले, तर त्या वर्षाची फी आपण भरायची.”

“त्याच्या पुढचं?”

“वह्या-पुस्तकांचा खर्च आपला. तेवढा मी शिकवून काढेन.”

“त्याच्या पुढचं?”

“संपलं, बाबा.”

“नक्की?”

“नक्की.”

मास्तरांनी मान डोलावली. कागदांची पिशवी मागच्या सीटवर टाकली. मग ब्रेकवरचा पाय उचलला आणि दोन्ही पाय पार मागे, सीटखाली ओढून घेतले. इतक्या वर्षांत या सीटवर ते असे कधी बसले नव्हते. बाकी सगळं जमलं, पण डोळ्यांतलं पाणी काही त्यांना लपवता आलं नाही.

“आरसा बघ,” ते म्हणाले. “सिग्नल दे. आणि घे उजवीकडे.”