म्हाळसाबाई डायरेक्टर होतात

"आत्या, इकडं नाय. त्या काळ्या ठिपक्याकडं बघा," असे म्हणत ज्ञानेश्वरीने मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि सासूचा पदर कपाळावरून जरा मागे सारला. म्हाळसाबाईंनी तो लगेच पुढे ओढून घेतला.

"चेहरा पूर्ण दिसाया पायजे म्हणतेत."

"दिसतंय तेवढं लई हाय," म्हाळसाबाई म्हणाल्या.

बजाजनगरातल्या त्या दोन खोल्यांत दुपारचे ऊन खिडकीतून तिरपे आले होते आणि त्यात लोकरीचे तंतू तरंगत होते. घरात कुठेही पाहिले तरी लोकर. पलंगाखाली पोती, कपाटावर पोती, आणि झाडून काढली तरी हवेत राहणारी ती बारीक काळी-करडी धूळ. ऊन आले की ती दिसायची, ढग आला की नाहीशी व्हायची. ज्ञानेश्वरीचा नवरा बिभीषण थट्टेने म्हणायचा की आपण घरात राहत नाही, मेंढराच्या पाठीवर राहतो.

म्हाळसाबाईंनी पॅनकार्ड हनुवटीखाली धरले. मोबाइलच्या पडद्यावर आपलेच तोंड आपल्याकडे बघते आहे हे त्यांना काही पटत नव्हते.

"ह्यात सायेब कुठंय?"

"सायेब नाय. आपलं आपणच बोलायचं. मी अमुक अमुक, डिजिटल सहीसाठी अर्ज केला हाय, असं. नाव कार्डावर हाय तसं, पूर्ण."

ज्ञानेश्वरीने बटण दाबले. म्हाळसाबाईंनी घसा साफ केला.

"मी म्हाळसाबाई." मग त्या थांबल्या. "गडदे."

पुढचे सगळे त्यांनी शाळेतल्या पोरीसारखे धडाधड म्हणून टाकले. थोड्या वेळाने मोबाइल वाजला. कंपनीची कागदपत्रे करून देणाऱ्या ऑफिसातली मोनिका बोलत होती.

"ताई, रिजेक्ट झालं. मधलं नाव आलंच नाही. परत करा ना. आणि प्लीज लवकर, आपण कंपनीसाठी राखून ठेवलेल्या नावाची मुदत आज संपते. आज अर्ज गेला नाही तर नाव सुटलं, आणि भरलेले पैसेही गेले."

ज्ञानेश्वरीने सासूकडे पाहिले. म्हाळसाबाई पॅनकार्ड पदराने पुसत होत्या.

कंपनीचे नाव 'घाटमाथा लोकर प्रायव्हेट लिमिटेड'. ते ज्ञानेश्वरीलाच सुचले होते. कन्नड तालुक्याच्या घाटमाथ्यावर माहेर-सासरचे सगळे मेंढपाळ, आणि मेंढ्या कातरल्यावर लोकरीला आता कुणी विचारत नाही म्हणून ती बांधावर पेटवून देतात. त्या जळक्या वासाची तिला लहानपणापासून चीड होती. लग्न होऊन इथे आल्यावर तिने ती लोकर पोत्याने आणायला सुरुवात केली, साबणाच्या पाण्यात मळून तिचे जाड पट्टे करायला लागली, त्यांची आसने, गाद्या, सतरंज्या. गल्लीतल्या बाया हसल्या, मग हळूहळू कामाला येऊ लागल्या. आता पुण्याचा एक व्यापारी हॉटेलांसाठी वर्षभर माल घ्यायला तयार झाला होता. मात्र तो म्हणाला होता, बाईमाणसाच्या नावाचं हाताने लिहिलेलं बिल आमच्याकडे चालत नाही. कंपनी काढा, मग बोलू.

कंपनी काढा म्हणणे सोपे. मोनिकाने खर्च सांगायला सुरुवात केली तेव्हा ज्ञानेश्वरीला वाटले, ही बाई बारशाचा खर्च सांगते आहे की लग्नाचा? नाव राखायचा खर्च, सरकारी फी, स्टॅम्प, दोघांच्या डिजिटल सह्या, दारावर लावायची पाटी. आणि एवढे करून सुटका नाही. दर वर्षी ऑडिट, दर वर्षी विवरणपत्र, धंदा झाला तरी आणि फुटकी कवडी आली नाही तरीही. म्हैस दूध देवो न देवो, वैरण चुकत नाही, त्यातलाच प्रकार. ज्ञानेश्वरीने कानातले मोडले. मोडताना तिला वाईट वाटले, पण फार नाही.

अडचण निघाली ती माणसाची. डायरेक्टर दोन लागतात. बिभीषणला होता येत नव्हते; वाळूजच्या कारखान्यात कायम करताना दुसऱ्या कुठल्या धंद्यात नाव घालणार नाही असे त्याच्याकडून लिहून घेतले होते. परक्याला घ्यायचे तिच्या जिवावर आले. मग उरल्या म्हाळसाबाई. त्या लगेच हो म्हणाल्या होत्या. "सही तर करायची, त्याला काय लागतं? अंगठा नाय मी, सही येती मला," असे वर ऐकवलेही होते.

सही येत होती, पण नाव घेणे राहिले होते.

"आत्या," ज्ञानेश्वरी हलकेच म्हणाली, "मामंजींचं नाव घ्यावं लागतंय मधी."

"ठावं हाय मला."

"उखाण्यात घ्या पायजे तर. मी विचारते मोनिकाला चालतंय का."

म्हाळसाबाई किंचित हसल्या. "उखाण्यात लई घेतलंय. तवा ते म्होरं उभे राहायचे, मिशीत हसत. म्होरं असल्यावर घेत्यात, बाई. माणूस माघारी असल्यावर नाय घ्यायचं. वय घटतंय त्याचं."

ज्ञानेश्वरीने सासऱ्यांना, मुंजाबांना, पाहिलेही नव्हते. बिभीषण लहान असतानाची गोष्ट. दिवाळी झाली की मुंजाबा मेंढरे घेऊन घाट उतरून खानदेशात जायचे. एका वर्षी घाटात दाट धुके पडले आणि कळप फुटला. निम्मी मेंढरे शोधायला ते खाली उतरले. दुसऱ्या दिवशी मेंढरे वर आली, कुत्रे वर आले, मुंजाबा आले नाहीत. लोकांनी दरी पालथी घातली. कुणी म्हणाले बिबट्याने नेले, कुणी म्हणाले मालेगावच्या बाजारात पाहिले, दाढी वाढली होती. बारा वर्षे झाल्यावर भावकी जमली आणि म्हणाली, आता दर्भाचा पुतळा करू, अग्नी देऊ, मोकळे होऊ. म्हाळसाबाईंनी भावकीसाठी चहा केला, सगळ्यांना दिला आणि म्हणाल्या, "मोकळं तुमी व्हा. मला कुठं बांधलंय कुणी?"

तेव्हापासून कुणी विषय काढला नाही. म्हाळसाबाईंचे कुंकू राहिले, बांगड्या राहिल्या. दर दिवाळीला त्या नवऱ्यासाठी एक नवी धोतरजोडी घेत आणि गेल्या सालची, घडीही न मोडलेली, कुणा गरजवंताला देऊन टाकत. बिभीषणला हे आवडत नसे. पण महिन्याच्या पगारातून तो धोतरजोडीचे पैसे न बोलता बाजूला काढून ठेवी.

ज्ञानेश्वरीला कधी कधी सासऱ्यांचे स्वप्न पडायचे. धुक्यात एक माणूस पाठमोरा उभा आहे, खांद्यावर घोंगडी आहे, आणि त्याच्याभोवती मेंढरे आहेत की नुसतेच धुके आहे ते कळत नाही. तो वळेल असे वाटायचे आणि जाग यायची. सासूला तिने हे कधी सांगितले नव्हते. ज्याला पाहिलेच नाही तो माणूस आपल्या स्वप्नात यावा, हे तिला सासूच्या पेटीतले काही उचलल्यासारखे वाटे.

खिडकीतले ऊन सरकून भिंतीवर गेले. मोनिकाचा पुन्हा फोन आला, ज्ञानेश्वरीने तो उचलला नाही. पुण्याचा व्यापारी, पोत्यातली लोकर, कामाला येणाऱ्या बाया, सगळे तिच्या डोळ्यांपुढून गेले. तिला रडू येईल असे वाटले, आणि रागही आला. सासूचा नव्हे, त्या डब्याला टेकलेल्या मोबाइलचा. एवढा खर्च सांगितला मेल्यांनी, आणि हा नाही सांगितला.

शेवटी तिने मोबाइल उचलून पालथा ठेवला.

"राहू द्या, आत्या. एवढं काय सोनं लागलं नाय कंपनीला. व्यापारी दुसरा गाठू."

"दुसरा नाय मिळायचा," म्हाळसाबाई म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. तंतू त्यांच्या केसांवर उतरत होते. "मला एक सांग. कंपनी बुडाली तर घरादारावर येत नाय म्हणत हुतीस, ते कसं काय?"

"कंपनी येगळी, आपण येगळे. तिचं कर्ज तिचं. आपण घातलं तेवढंच जातं."

"मंग ती हाय तरी कोण?"

"कोणीच नाय. कागदावरचं माणूस म्हणा. दिसत नाय, पर नाव हाय, पत्ता हाय."

"आन खर्च हाय."

"खर्च हाय," ज्ञानेश्वरीला हसू आले. "दर साली."

"दर साली काय करायचं त्याला?"

"सरकारला कळवायचं की कंपनी जित्ती हाय. नाय कळवलं तर वाट बघतेत, नोटीस धाडतेत, आन मग नाव काढून टाकतेत."

"कळवायचं कुणी?"

"डायरेक्टरनं. आपणच. दुसरं कोण बोलणार तिच्यासाठी? तिला तोंड थोडंच हाय."

बाहेर गल्लीत भांडीवाली ओरडत गेली. शिफ्ट सुटलेल्या गाड्यांचा आवाज मोठ्या रस्त्यावरून यायला लागला. म्हाळसाबाईंनी उजव्या हाताने डाव्या हातातल्या बांगड्या मागे सारल्या, पुन्हा पुढे आणल्या.

"म्हंजी गप राहिलं की नाव काढतेत," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"मी आपली गपच बसले, बघ. मला वाटलं गप बसल्यानं राहातंय."

ज्ञानेश्वरीने पुढे होऊन सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हाळसाबाईंनी तो थोपटला आणि बाजूला केला.

"उभा कर तो मोबाइल."

"आत्या, नका. खरंच नका."

"उभा कर म्हणते ना."

या वेळी पदर त्यांनीच मागे सारला. पांढऱ्या केसांत लोकर अडकली होती, तशीच राहू दिली. कार्ड हनुवटीखाली धरले आणि काळ्या ठिपक्याकडे असे पाहिले की त्यात खरेच कुणीतरी असावे.

"मी म्हाळसाबाई मुंजाबा गडदे," त्या म्हणाल्या.

आवाज साधाच होता. थरथरला नाही, चढला नाही. पुढचे वाक्यही त्यांनी नीट, न चुकता म्हटले. ज्ञानेश्वरीने बटण दाबून ते पाठवून दिले. मग दोघी मोबाइलकडे बघत बसल्या, चुलीवरचे दूध बघावे तशा. घरातले काही पडले नाही, फुटले नाही. पंखा फिरत होता.

मोबाइल वाजला. "झालं ताई, अप्रूव्ह झालं!" मोनिका ओरडलीच. "मी अर्ज टाकते आता. पाटीचं काम लगेच सांगून ठेवा, मराठीतही लागते बरं का." ज्ञानेश्वरी खिडकीशी जाऊन बोलत राहिली. पाटीचा आकार, घराचे वीजबिल, बँकेतले खाते, पहिल्या वर्षाचे ऑडिट. हो, हो म्हणताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले आणि ते आनंदाचे आहे की कसले, हे तिचे तिलाही सांगता आले नसते. बिभीषणला तिने फोन लावला, पण तो अजून मशिनीवर असावा, त्याने उचलला नाही.

ती वळली तेव्हा भिंतीजवळची जागा रिकामी होती. पॅनकार्ड डब्यावर ठेवलेले होते. आतल्या खोलीत कुणी नव्हते. दार उघडे होते आणि म्हाळसाबाईंच्या चपला दाराशीच होत्या.

गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी खालची मोटार घरघरत होती, जिनाभर तिचाच आवाज. ज्ञानेश्वरी दोन पायऱ्या चढली आणि तिला वरून आवाज ऐकू आला.

"मुंजाबाऽऽ!"

तो काही घरातला आवाज नव्हता. माळावर एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावरच्या माणसाला मारतात तशी ती हाक होती, लांब, शेवटाला चढत जाणारी. उभ्या आयुष्यात त्या बाईने नवऱ्याला अशी हाक मारली नसेल. बायकोने नवऱ्याला अशी हाक मारायची रीतच नाही.

ज्ञानेश्वरी धावत वर गेली. गच्चीवर संध्याकाळ पिवळी पडली होती. शेजारच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढणारी बाई ते तसेच हातात धरून बघत होती. म्हाळसाबाई कठड्याशी उभ्या होत्या. पदर खांद्यावर पडला होता, तोंडाशी दोन्ही हातांचा द्रोण केला होता, आणि तोंड उत्तरेकडे, कन्नडच्या बाजूला.

"मुंजाबाऽऽ! ओऽऽ मुंजाबाऽऽ!"

मग त्यांनी हात खाली घेतले, मान जरा कलती केली आणि कान दिला. ज्ञानेश्वरीने एक पाऊल पुढे टाकले. खाली चला आत्या, लोक बघतेत, असे काहीतरी तिच्या ओठांवर आले होते.

खालची मोटार घरघरत होती. त्या आवाजात दुसरे काही ऐकू येणे शक्यच नव्हते.

ती मागे फिरली, जिन्याच्या तोंडाशी आली आणि तिने हात लांबवून भिंतीवरचे मोटारीचे बटण बंद केले.